अणुभट्टीच्या शीतकातील तापमानाचे चढउतार आणि त्यांचे संगणकीय प्रतिमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नळ्यांच्या आराखड्यावर काम करणारे अभियंते आणि अणुऊर्जेविषयी कुतूहल असणारे वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एकच मुद्दा दोनदा सांगावा लागला असता, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. अपघातकाळातील उकळणे, गाभा वितळणे इत्यादी विषय येथे घेतलेले नाहीत. नेहमीच्या कामकाजात शीतकाचे, म्हणजे भट्टीतील उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचे, गरम आणि थंड प्रवाह एकमेकांत मिसळताना काय होते, एवढाच हा विषय आहे.

१. अणुभट्टीचे तापमान तर काटेकोरपणे स्थिर ठेवतात, मग हे चढउतार येतात कुठून?

नियंत्रणकक्षात जे स्थिर तापमान दिसते ते सरासरी असते. आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घातल्याबरोबर हात बुडवला तर एका बोटाला चटका बसतो आणि शेजारच्या बोटाला गार लागते. क्षणभराने हेच उलट होते. जिथे दोन वेगवेगळ्या तापमानांचे प्रवाह एकत्र येतात, विशेषतः मुख्य नळीला काटकोनात दुसरी नळी मिळते त्या टी-जोडाच्या पुढे, नळीच्या भिंतीला नेमका हाच अनुभव येतो. प्रवाह प्रक्षुब्ध असल्यामुळे गरम आणि थंड पाण्याचे पुंजके भोवऱ्यांबरोबर एकामागून एक भिंतीवरून सरकतात. दोन्ही नळ्यांतील तापमान आणि प्रवाहदर पूर्णपणे स्थिर असले तरी जोडानंतरच्या काही व्यासांच्या अंतरात भिंतीजवळचे तापमान सतत हलत राहते. भिंतीवर गरम-थंडाचे पट्टे उमटल्यासारखे होते, म्हणून या प्रकाराला ‘थर्मल स्ट्रायपिंग’ म्हणतात.

२. दहा-वीस अंशांनी तापमान हलले, तर जाड पोलादी नळीचे काय बिघडते?

एकदा हलले तर काहीच बिघडत नाही. कोट्यवधी वेळा हलले की बिघडते. आतील पृष्ठभागाचा पातळ थर तापला की तो प्रसरण पावू पाहतो, पण मागचा जाड, थंड धातू त्याला जागचा हलू देत नाही, त्यामुळे त्या थरात दाब निर्माण होतो. तो थर निवला की उलट दिशेचा ताण येतो. थर पूर्णपणे जखडलेला आहे असे धरले, तर हा ताण स्थितिस्थापकता गुणांक, प्रसरण गुणांक आणि तापमानातील फरक यांच्या गुणाकाराला (१ − पॉयसन गुणोत्तर) या संख्येने भागून मिळतो. ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलादासाठी १९० गिगापास्कल, अंशामागे १७ दशलक्षांश आणि ०.३ हे आकडे घातले, तर प्रत्येक अंशामागे सुमारे ४.६ मेगापास्कल ताण येतो. म्हणजे धातूचा पृष्ठभाग २० अंशांनी खालीवर झाला, तर ताण ९० मेगापास्कलहून अधिक हलतो. सेकंदाला एक आवर्तन या हिशेबाने दिवसाला ८६,४०० आणि वर्षाला तीन कोटींहून अधिक आवर्तने होतात; दहा लाखांचा टप्पा तर बारा दिवसांच्या आतच ओलांडला जातो. धातूच्या या झिजण्याला औष्णिक थकवा म्हणतात.

मात्र सगळे चढउतार सारखे घातक नसतात. तापमानाची लाट धातूत शिरताना क्षीण होत जाते, आणि ती किती खोल जाते हे तिच्या वारंवारतेवर अवलंबून असते. स्टेनलेस पोलादाची उष्णता-विसरणशीलता सेकंदाला सुमारे ४ चौरस मिमी धरली, तर लाट मूळच्या ३७ टक्क्यांवर येण्याची खोली १० हर्ट्झला ०.३६ मिमी, १ हर्ट्झला १.१ मिमी, ०.१ हर्ट्झला ३.६ मिमी आणि ०.०१ हर्ट्झला ११ मिमी येते. फार जलद लाटेला भिंतीलगतचा द्रवाचा थरच बराचसा अडवतो, आणि तिच्यातून जे उरते ते कातडीइतक्याच खोलीत विरून जाते. फार संथ लाटेत भिंत सावकाश आणि एकसंधपणे तापते, त्यामुळे जाडीतील तापमानफरक कमी राहतो. या दोहोंमधला, साधारण ०.१ ते १० हर्ट्झचा पट्टा सर्वाधिक नुकसान करतो. पुढची बहुतेक उत्तरे या पट्ट्याभोवती फिरतात, कारण संगणकाच्या पडद्यावर भोवरे कितीही देखणे दिसले तरी या पट्ट्यातील लाटा चुकल्या असतील, तर त्या गणनेचा अभियंत्याला उपयोग नसतो.

३. असे प्रत्यक्षात कुठे घडले आहे, की हे सगळे कागदावरचेच आहे?

घडले आहे, आणि एकाहून अधिक देशांत घडले आहे. सर्वांत जास्त चर्चा झाली ती फ्रान्समधील सिव्हो केंद्राच्या पहिल्या भट्टीची. ही त्या काळी फ्रान्सची नवीकोरी, अत्याधुनिक बनावटीची भट्टी होती. १२ मे १९९८ रोजी तिच्या अवशिष्ट-उष्णता (भट्टी बंद केल्यावरही गाभ्यात उरणारी उष्णता) काढणाऱ्या मंडलातील एका कोपरनळीला आरपार भेग पडून तासाला सुमारे ३० घनमीटर वेगाने प्राथमिक मंडलातील, म्हणजे थेट गाभ्यातून फिरणारे, पाणी बाहेर पडू लागले. भेगेची बाहेरील लांबी सुमारे १८० मिमी होती. उष्णता-विनिमयकातून थंड होऊन आलेले पाणी आणि त्याला वळसा घालून आलेले गरम पाणी जिथे मिसळत होते, तिथेच ही कोपरनळी होती. आंतरराष्ट्रीय घटना-मापनश्रेणीवर या घटनेला दुसरा स्तर देण्यात आला, आणि याच मालिकेतील शू येथील दोन भट्ट्यांचीही तपासणी करावी लागली. भट्टी नवी असतानाच असे व्हावे, ही बाब आराखडाकारांना सर्वाधिक अस्वस्थ करणारी ठरली.

पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९९९ रोजी, जपानमधील त्सुरुगा केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत पुनरुत्पादक उष्णता-विनिमयकाच्या जोडनळीतून सुमारे ५१ टन प्राथमिक शीतक गळले. विनिमयकाच्या आतील नळकांड्याबाहेरून निसटणारा प्रवाह मुख्य प्रवाहाला मिळताना जे चढउतार होत होते, त्यांनी धातू थकवला होता. २००३ मध्ये तोमारी केंद्राच्या दुसऱ्या भट्टीतही पुनरुत्पादक उष्णता-विनिमयकातच अशी गळती झाली. त्याच वर्षी जपानच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने नळ्यांतील उच्च-आवर्तन औष्णिक थकव्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

त्याआधीची दोन प्रकरणे वेगळ्या वळणाची आहेत: १९८७ मधील अमेरिकेतील फार्ली आणि १९८८ मधील बेल्जियममधील तिआंज. त्यांच्यात टी-जोडातील उघड मिश्रण नव्हते. त्यांच्याविषयी प्रश्न १२ पाहा. सोडियमवर चालणाऱ्या फिनिक्स भट्टीचे उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे.

४. यासाठी संगणकच कशाला हवा? नळीवर तापमापक बसवून मोजता येणार नाही का?

बाहेरून मोजून घातक पट्टा दिसतच नाही. समजा नळीची भिंत १० मिमी जाड आहे आणि आतील पृष्ठभाग १ हर्ट्झने ३० अंश वर आणि ३० अंश खाली हलतो आहे. प्रश्न २ मधील खोलीचा हिशेब लावला, तर बाहेर पोहोचेपर्यंत ही लाट सुमारे सात हजार पटींनी क्षीण होते, म्हणजे बाहेरच्या तापमापकाला सुमारे ०.००४ अंशाचाच बदल दिसतो. बाहेरील बाजू उष्णतारोधक आवरणाने झाकलेली असल्यामुळे हा आकडा दुप्पट झाला, तरी चित्र बदलत नाही. तापमापकाची नोंद शांत आहे म्हणून आत सगळे ठीक आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

आतून मोजायचे, तर दाबवाहक भिंतीला भोक पाडून नवीन कमकुवत जागा तयार करावी लागते. ज्या संरक्षक कोशात तापमापक ठेवतात त्याचे स्वतःचे वस्तुमान जलद लाटा गिळून टाकते, ते वेगळेच. म्हणून मोजमाप प्रयोगशाळेतील नमुन्यावर करायचे, त्यावर गणना तपासायची, आणि मग प्रत्यक्ष केंद्रासाठी गणनेवर विसंबायचे, असा मार्ग रूढ झाला आहे. संथ, स्तरित प्रवाहांसाठी मात्र बाहेरील तापमापक खरोखर उपयोगी पडतात.

५. आमच्याकडे प्रवाहगणनेचे सॉफ्टवेअर आहे आणि त्यातून तापमानाचा रंगीत नकाशाही मिळतो. तो पुरेसा का नाही?

तो नकाशा बहुधा रॅन्स पद्धतीचा असतो, म्हणजे प्रवाहाची समीकरणे आधीच काळावर सरासरी करून सोडवलेली असतात. अशा गणनेत भोवरे नसतात, त्यांचा सरासरी परिणाम वाढीव स्निग्धतेच्या रूपात घातलेला असतो. दाबातील घट, सरासरी तापमान, विनिमयकाची कार्यक्षमता यांसाठी ही पद्धत उत्तम आहे आणि स्वस्तही आहे. पण येथे प्रश्नच सरासरीभोवतीच्या हालचालीचा आहे. एखाद्या बिंदूचे सरासरी तापमान १०० अंश आले, तर ते सतत १०० होते की ६० आणि १४० यांच्यात झुलत होते, हे त्या नकाशावरून समजत नाही. काळानुसार बदलणारी रॅन्स गणना केली तरी टी-जोडात बहुतेक वेळा चढउतार वास्तवापेक्षा फार कमी येतात, कारण वाढीव स्निग्धता मोठ्या भोवऱ्यांनाही दाबून टाकते.

म्हणून ‘लार्ज एडी सिम्युलेशन’, म्हणजेच एलईएस, ही पद्धत वापरली जाते. गणनेसाठी नळीतील जागा लहान लहान घरांच्या जाळीत विभागतात; या पद्धतीत जाळीच्या घरापेक्षा मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवले जातात आणि त्याहून लहान भोवऱ्यांपुरतेच प्रतिमान घातले जाते. तापमानाचे मोठे पुंजके मोठे भोवरेच वाहून नेत असल्यामुळे ०.१ ते १० हर्ट्झच्या लाटा यात आपोआप सापडतात. भिंतीलगत रॅन्स आणि आत एलईएस अशा संकर पद्धतीही आहेत. त्या कुठे घसरतात ते प्रश्न ८ मध्ये आले आहे.

६. एका टी-जोडाच्या एलईएससाठी साधारण किती जाळी आणि किती संगणकवेळ लागतो?

एक आकडा सांगणे दिशाभूल करणारे ठरेल, पण हिशेब कसा करायचा ते सांगता येते. १४० मिमी व्यासाच्या नळीत कोमट पाणी सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने वाहत असेल, तर भिंतीलगतचा चिकट थर पकडण्यासाठी पहिल्या घराची जाडी सुमारे ०.०२ मिमी ठेवावी लागते. नळीच्या मध्यभागी घरे एखाद्या मिलिमीटरपर्यंत मोठी चालतात. टी-जोड आणि पुढील दहाएक व्यासांची लांबी एवढ्या बारकाईने विभागली, की घरांची संख्या काही दशलक्षांपासून काही कोटींपर्यंत जाते.

लोक विसरतात तो वेळेचा भाग. द्रवाचा कण एका पायरीत एका घराहून पुढे जाऊ नये म्हणून वेळेची पायरी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास ठेवावी लागते. दुसरीकडे, ०.१ हर्ट्झच्या लाटेचे एक आवर्तन १० सेकंदांचे असते. अशी वीस आवर्तनेही पाहायची नसतील, तर त्या लाटेविषयी बोलूच नये. २०० सेकंद भागिले अर्धा मिलिसेकंद म्हणजे चार लाख पायऱ्या. चार सेकंदांच्या गणनेवरून काढलेला वारंवारता-आलेख घेऊन थकव्याचा अंदाज बांधणारे अहवाल वाचनात येतात. त्यांच्यात घातक पट्ट्याचा खालचा अर्धा भाग असूच शकत नाही.

७. गणना बरोबर आहे, हे कशाशी ताडून पाहायचे?

या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा प्रयोग स्वीडनमधील व्हॅटनफॉल कंपनीच्या एल्व्हकार्लेबी येथील प्रयोगशाळेत झाला. १४० मिमी व्यासाच्या आडव्या नळीतून १९ अंशांचे थंड पाणी सेकंदाला ९ लिटर, आणि वरून उतरणाऱ्या १०० मिमी व्यासाच्या शाखेतून ३६ अंशांचे गरम पाणी सेकंदाला ६ लिटर, अशी मांडणी होती. जोडाजवळचा भाग पारदर्शक असल्यामुळे लेझरने वेग मोजता आले, आणि भिंतीपासून सुमारे १ मिमीवर ठेवलेल्या बारीक तापमापकांनी चढउतार टिपले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने या प्रयोगावर आंधळी स्पर्धा घेतली: निकाल दडवून ठेवून जगभरच्या गटांकडून आधी गणना मागवल्या. २९ गणना आल्या, त्यांपैकी बहुतेक एलईएसच्या होत्या, आणि २०१० मध्ये त्या मोजमापांशेजारी ठेवण्यात आल्या.

आंधळेपणाला येथे फार महत्त्व आहे. उत्तर माहीत असताना जाळी, प्रतिमान आणि प्रवेशाच्या अटी थोड्या थोड्या बदलत उत्तराजवळ पोहोचणे अवघड नसते, आणि ते करणाऱ्यालाही आपण तसे करतो आहोत हे कळतेच असे नाही. नवशिक्याने हा प्रयोग निवडावा, पण प्रसिद्ध आलेख बाजूला ठेवून आधी स्वतःची गणना पूर्ण करावी.

८. ३६ अंशांच्या पाण्यावर जुळलेले प्रतिमान ३०० अंशांच्या पाण्यासाठी कसे चालेल?

हा या यादीतील सर्वांत रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पूर्णपणे समाधानकारक नाही. ३०० अंशांच्या पाण्याची गतिक स्निग्धता खोलीतील पाण्याच्या सुमारे एक अष्टमांश असते. २५० मिमी व्यासाची नळी आणि सेकंदाला ५ मीटर वेग घेतला, तर रेनॉल्ड्झ संख्या (वेग आणि व्यास यांचा गुणाकार भागिले गतिक स्निग्धता; ती जितकी मोठी, तितका प्रवाह प्रक्षुब्ध) एक कोटीच्या घरात जाते. व्हॅटनफॉलच्या नमुन्यात ती दीड लाखाच्या आसपास होती. भिंतीलगतच्या घराची जाडी आता एका मायक्रोमीटरहूनही कमी लागेल, म्हणजे भिंत पूर्णपणे सोडवणारी एलईएस व्यवहारात अशक्य होते. मग भिंतीजवळ प्रतिमानाचा आधार घ्यावा लागतो, आणि नेमके भिंतीजवळचे तापमानच तर आपल्याला हवे असते.

दिलासा एवढाच, की मोठ्या भोवऱ्यांची रचना रेनॉल्ड्झ संख्येवर फारशी अवलंबून नसते. ती दोन प्रवाहांच्या संवेगाच्या गुणोत्तरावर (प्रश्न ९) जास्त अवलंबून असते. त्यामुळे नळीच्या आतील चढउतारांचा आकार आणि वारंवारता बऱ्यापैकी विश्वासाने सांगता येते, पण भिंतीत शिरणाऱ्या उष्णतेबाबत सावध राहावे लागते. केंद्रासारख्या स्थितीतील मोजमापे मिळावीत म्हणून जर्मनीत श्टुटगार्ट विद्यापीठात उच्च दाब आणि तापमानाचा टी-जोड उभारला गेला. तिथे गरम पाणी २८० अंशांपर्यंत नेता येते.

९. कोणता टी-जोड जास्त धोकादायक, हे गणनेआधी ओळखता येते का?

जपानमध्ये झालेल्या प्रयोगांतून एक उपयुक्त गुणोत्तर पुढे आले आहे. मुख्य प्रवाहाची घनता, त्याच्या वेगाचा वर्ग आणि दोन्ही व्यासांचा गुणाकार यांना शाखेच्या घनता, वेगाचा वर्ग आणि छेदक्षेत्र यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर १.३५ हून जास्त आले, तर शाखेची धार आपल्याच बाजूच्या भिंतीला चिकटून वाहते, ०.३५ हून कमी आले, तर ती समोरच्या भिंतीवर आपटते. मधल्या मूल्यांना ती नळीच्या मध्याकडे वळते. भिंतीला चिकटणारी आणि भिंतीवर आपटणारी, या दोन्ही धारा भिंतीसाठी वाईट, आणि मधली त्यामानाने बरी. व्हॅटनफॉलच्या आकड्यांवरून हे गुणोत्तर सुमारे १.०५ येते. मात्र हा नियम सरळ नळीतून येणाऱ्या प्रवाहासाठी आहे. जोडाच्या थोडे अलीकडे कोपरनळी असेल, तर तिने दिलेल्या पिळामुळे तो विश्वासार्ह राहत नाही.

१०. सोडियम शीतक असेल तर गणित वेगळे होते का?

बरेच वेगळे होते, आणि काही बाबतीत विद्यार्थ्यांच्या अपेक्षेच्या उलट होते. ४०० अंशांच्या सोडियमची प्रांटल संख्या सुमारे ०.००५ असते, म्हणजे वेगापेक्षा उष्णता फार वेगाने पसरते. तापमानातील सर्वांत लहान रचना वेगातील सर्वांत लहान भोवऱ्यांच्या सुमारे पन्नास पट मोठ्या असतात. त्यामुळे वेगासाठी घेतलेली एलईएसची जाळी तापमानासाठी बहुधा पुरेशी ठरते आणि लहान भोवऱ्यांचे औष्णिक प्रतिमान जवळजवळ अनावश्यक होते. रॅन्समध्ये मात्र प्रक्षुब्ध प्रांटल संख्या (भोवऱ्यांमुळे वेग आणि उष्णता किती पसरतात यांचे गुणोत्तर) पाण्याप्रमाणे ०.९ च्या आसपास ठेवली, तर उत्तर चुकते.

खरा फरक भिंतीशी पडतो. औष्णिक वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले, तर सोडियम आणि स्टेनलेस पोलाद यांची मूल्ये जवळजवळ सारखी येतात. ३०० अंशांच्या पाण्याचे मूल्य त्यांच्या सुमारे एक षष्ठांश आहे. याचा अर्थ असा, की पाण्याचा गरम पुंजका पोलादाला टेकला तर भिंत फारशी हलत नाही, पाणीच भिंतीच्या तापमानाकडे ओढले जाते. सोडियमचा पुंजका टेकला तर दोघे जवळपास मध्यावर भेटतात. द्रवात तेवढाच चढउतार असताना सोडियममधील धातूला त्यामुळे कितीतरी मोठा झटका बसतो. शिवाय सोडियम भट्टीत मुळात तापमानफरकच मोठे असतात.

फ्रान्सच्या फिनिक्स भट्टीच्या दुय्यम मंडलात ४३० अंशांचे सोडियम एका लहान नळीतून ३४० अंशांच्या मुख्य प्रवाहात पडत होते आणि त्या टी-जोडाला भेग गेली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हे प्रकरण सामायिक गणनेसाठी घेतले. भारतासह अनेक देशांच्या गटांनी भेग कुठे आणि का पडली, याचा शोध आपापल्या पद्धतीने घेतला. प्रत्यक्ष बिघाड झालेल्या नळीवर एवढ्या गटांनी गणना करून पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

११. द्रवाचे तापमान मिळाले. त्यावरून धातूतील ताण आणि आयुष्य कसे काढायचे?

तीन मार्ग आहेत. पहिला, भिंतीतून उष्णता जातच नाही असे धरून द्रवाची गणना करायची आणि भिंतीजवळचे तापमान उष्णता-संक्रमण गुणांकाच्या मार्फत धातूला लावायचे. हा स्वस्त मार्ग आहे, पण गुणांक स्थिर प्रवाहाच्या सूत्रातून घेतला, तर चढउतारांसाठी तो कमी पडू शकतो. दुसरा, द्रव आणि धातू एकत्र सोडवायचे. हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, पण त्यात एक खोच आहे: १० मिमी भिंतीला स्थिरावायला २५ सेकंदांच्या घरातला आणि ३० मिमी भिंतीला पावणेचार मिनिटांच्या घरातला वेळ लागतो, आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या पायऱ्यांनी एवढा वेळ केवळ वाट पाहण्यात घालवणे परवडत नाही. म्हणून भिंतीचे सरासरी तापमान आधी रॅन्समधून काढून त्यापासून सुरुवात करतात. तिसरा मार्ग म्हणजे प्रत्येक बिंदूवर फक्त जाडीच्या दिशेने एकमितीय उष्णतावहन सोडवायचे. लाट उथळ असल्यामुळे घातक पट्ट्यासाठी हे बहुधा पुरते.

ताणाची काळानुसार मालिका मिळाली, की तिच्यातील लहानमोठी आवर्तने ‘रेनफ्लो’ पद्धतीने मोजतात. एंदो आणि मात्सुइशी यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचे नाव पॅगोडाच्या छपरांवरून ओघळणाऱ्या पावसावरून पडले आहे. मग किती ताणाची किती आवर्तने धातू सोसतो हे दाखवणाऱ्या थकवा-वक्रावरून प्रत्येक आवर्तनाचा वाटा काढून बेरीज करतात. येथे वेल्डची जागा, घासकामाने राहिलेले ओरखडे आणि सरासरी ताण यांचा परिणाम प्रवाहगणनेतील त्रुटीहूनही मोठा असू शकतो. प्रवाहगणना करणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही.

१२. शाखा बंद आहे आणि तिच्यात प्रवाहच नाही. मग तो जोड सुरक्षित मानायचा का?

नाही. मुख्य नळीतील भोवरे बंद शाखेत काही व्यास आतपर्यंत पिळासारखे शिरतात, आणि त्यांची पोच सतत पुढेमागे होत राहते. त्यातच शाखेच्या टोकाची झडप थोडी गळत असेल, तर थंड पाण्याचा पातळ थर नळीच्या तळाशी सरकतो, त्यावर गरम पाणी तरंगते आणि या दोहोंची सीमा हलत राहते. फार्ली आणि तिआंज येथे आपत्कालीन पाणी सोडणाऱ्या नळ्यांना अशाच प्रकाराने भेगा गेल्या, आणि अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८८ मध्ये त्याविषयी सर्व केंद्रांना परिपत्रक काढले.

गणनेच्या दृष्टीने हे प्रकरण साध्या टी-जोडाहून कठीण आहे. आवर्तने कित्येक सेकंदांची किंवा मिनिटांचीही असतात, तरंगण्याच्या बलाचा परिणाम मोठा असतो, आणि झडपेतून किती गळती होते हेच मुळात माहीत नसते. प्रश्न ६ मधील वेळेचा हिशेब येथे लावून पाहिला, तर निव्वळ एलईएस का परवडत नाही ते लगेच ध्यानात येते.

१३. केंद्रातील प्रत्येक टी-जोडाची एलईएस करावी लागते का?

लागत नाही, आणि करूही नये. आधी चाळणी लावतात. युरोपात रूढ असलेल्या एका कार्यपद्धतीनुसार दोन प्रवाहांतील तापमानफरक ऑस्टेनिटिक पोलादासाठी ८० अंशांहून आणि फेरिटिक पोलादासाठी ५० अंशांहून कमी असेल, तर पुढील विश्लेषण लागत नाही. त्यातून उरलेल्यांसाठी पूर्ण तापमानफरक एकाच सर्वांत वाईट वारंवारतेने हलतो असे धरून ढोबळ हिशेब करतात. त्यातही जे पास होत नाहीत, तेवढ्यांसाठीच सविस्तर गणना राखून ठेवावी. पाण्यासाठीची ही चाळणी सोडियमला लावू नये. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

१४. भारतात, विशेषतः तारापूर आणि कल्पक्कम येथे, याचा संबंध कुठे येतो?

सर्वांत थेट संबंध कल्पक्कमच्या ५०० मेगावॉट प्रारूप द्रुत प्रजनक भट्टीशी येतो. तिच्या गाभ्यात सोडियम ३९७ अंशांना शिरते आणि सरासरी ५४७ अंशांना बाहेर पडते. पण इंधनाच्या, आच्छादनाच्या आणि नियंत्रणदांड्यांच्या जुडग्यांतून ते वेगवेगळ्या तापमानांना वर येते आणि त्यांच्या धारा गाभ्यावरील नियंत्रण-प्लगच्या खालच्या भागाला भिडतात. तो भाग किती चढउतार सोसेल, हे आराखड्यातच ठरवावे लागते. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी गणनेबरोबर ‘सम्राट’ नावाचा एक चतुर्थांश मापाचा पाण्याचा नमुनाही वापरला.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या ५४० मेगावॉटच्या दाबित जडपाणी प्रकारच्या आहेत. त्यांच्यात एक निराळाच प्रश्न असतो: कॅलँड्रिया या मोठ्या टाकीतील मंदक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या) जडपाण्यात आत सोडलेल्या धारा आणि तापून वर चढणारे पाणी यांची ओढाताण चालते, आणि तापमानाचा नकाशा सावकाश हलत राहतो. तेथे चिंता धातूच्या थकव्याची नसून मंदक कुठेही उकळण्याच्या जवळ जाऊ नये याची असते, म्हणून गणनेची पद्धतही वेगळी निवडली जाते.

१५. जपानच्या मोंजू भट्टीतील सोडियमगळती याच कारणाने झाली होती ना?

नाही, ही नेहमीची गल्लत आहे. ८ डिसेंबर १९९५ रोजी तेथे तापमापकाचा संरक्षक कोश तुटला, पण तो त्याच्यामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांनी आलेल्या कंपनांमुळे. तो यांत्रिक थकवा होता, औष्णिक नव्हे.

१६. या चढउतारांचा काही उपयोगही होतो का?

होतो. प्रवाहाच्या दिशेने ओळीने ठेवलेल्या दोन तापमापकांना तोच पुंजका थोड्या अंतराने दिसतो. दोन्ही नोंदींची सांगड घालून मधला वेळ काढला, की प्रवाहाचा वेग मिळतो. द्रुत भट्टीत गाभ्यातून बाहेर पडणाऱ्या सोडियमच्या चढउतारांची ठेवण बदलली, तर एखाद्या जुडग्यात अडथळा आल्याची ती सूचना असू शकते. शीतकाच्या तापमानाबरोबर न्यूट्रॉनांची संख्याही किंचित हलते, आणि त्या हालचालीवरून भट्टीची प्रकृती ओळखण्याचे प्रयत्न युरोपात २०१७ ते २०२१ या काळातील ‘कॉर्टेक्स’ प्रकल्पात झाले. येथेही बाहेरील तापमापकांच्या मर्यादा (प्रश्न ४) लागू आहेतच.

१७. घरच्या संगणकावर हे शिकता येईल का? कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

ओपनफोम मोफत आहे. फ्रान्सच्या वीज कंपनीचे कोड सॅटर्न आणि तेथील अणुऊर्जा आयोगाचे ट्रायोसीएफडी हेही खुले आहेत, आणि दोन्ही अणुऊर्जेच्या कामासाठीच वाढवलेले आहेत. रेनॉल्ड्झ संख्या दहा हजारांच्या आसपास ठेवून लहान टी-जोड घेतला, तर साध्या संगणकावरही काही दिवसांत शिकण्यासारखे काही हाती लागते.

१८. तेच सॉफ्टवेअर, तीच जाळी आणि तीच भूमिती असूनही दोघांची उत्तरे वेगळी का येतात?

बहुधा प्रवेशाच्या अटींमुळे. नळीत शिरणाऱ्या प्रवाहाचा केवळ सरासरी वेग दिला आणि त्यात प्रक्षुब्धता घातली नाही, तर जोडापर्यंत पाणी काचेसारखे गुळगुळीत येते, मिश्रण उशिरा सुरू होते आणि चढउतारांची कमाल जागा एक-दोन व्यास पुढे सरकते. उलट, यादृच्छिक गोंगाट घातला तर तो भोवऱ्यांसारखा जुळलेला नसल्यामुळे चार पावलांत विरून जातो. योग्य मार्ग म्हणजे जोडाच्या अलीकडची पुरेशी लांब नळी गणनेत घेणे, किंवा स्वतंत्र नळीतून पूर्ण विकसित प्रवाह काढून तो प्रवेशाशी पुरवणे. आणि प्रत्यक्ष केंद्रात जोडाच्या अलीकडे कोपरनळी असेल, तर तीही घेणे.

दुसरे कारण नोंदणी कधी सुरू केली हे असते. माझ्या पहिल्या गणनेत मी शून्य सेकंदापासूनच आकडेवारी गोळा केली होती. नळीत आधी भरलेले थंड पाणी वाहून जाईपर्यंतचा संक्रमणकाळ त्यात मिसळला, आणि ०.१ हर्ट्झजवळ एक ठसठशीत शिखर दिसू लागले. त्या शिखराचे भौतिक कारण शोधण्यात मी तीन आठवडे घालवले. पहिले वीस सेकंद वगळून आलेख पुन्हा काढला, तेव्हा ते शिखर नाहीसे झाले होते.